आबाचे चेंडू

माझा वर्गमित्र आबा गेला, त्याच्या गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, मला माळ्यावर चढायला सांगितलं. वर दोन गोणपाटं होती, तोंडं सुतळीने बांधलेली. मला वाटलं घरचं धान्य असेल. एकाची सुतळी सोडली तर टेनिसचे चेंडू घरंगळत जिन्यावरून खाली गेले आणि ओसरीवर बसलेल्या मायच्या पायाशी जाऊन थांबले. माय म्हणजे आबाची आई. तिने एक चेंडू उचलला, पदराने पुसला आणि म्हणाली, "हाई त्यानंच शे." हे त्याचंच आहे. आमच्या अमळनेरात घरातली बोली अहिराणी. त्या दिवशी ती दुसरं काही बोलली नाही.

आम्ही मोजले तेव्हा दोन्ही पोत्यांत मिळून ३१२ चेंडू निघाले.

ते कुठून आले हे मला माहीत होतं. आबा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, तिथल्या एका क्लबात रोज सकाळी खेळायचा. सभासद नवा डबा उघडतात, दोन-तीन दिवस खेळतात आणि चेंडू टाकून देतात. आबा ते मार्करकडून, म्हणजे सभासदांना सराव देणाऱ्या क्लबातल्या माणसाकडून, मागून घ्यायचा आणि दिवाळीला, आखाजीला (अक्षय तृतीयेला) गावी येताना पोतं भरून आणायचा. शाळेच्या मैदानावर जी पोरं असतील त्यांना गोळा करून संध्याकाळभर चेंडू फेकत बसायचा. पोरं त्या चेंडूंनी टेनिस खेळायची, मग आबा पुण्याला परतला की त्याच चेंडूंनी क्रिकेट. त्याला याचं कधी वाईट वाटलं नाही.

तो स्वतः असाच शिकला होता. आमच्या लहानपणी एका साहेबांच्या बंगल्यामागे मातीचं कोर्ट होतं. आबा तिथे चेंडू उचलायला जायचा. रोज संध्याकाळी रोलर फिरवायचा, पाणी मारायचं, चुन्याने रेषा आखायच्या, एवढं केलं की शेवटची दहा मिनिटं साहेब त्याला खेळू द्यायचे. साहेबांची बदली झाली तेव्हा जुनी लाकडी रॅकेट त्याला मिळाली. १९८७ साली भारताने सिडनीत ऑस्ट्रेलियाला हरवून डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत धडक मारली, शेवटचा सामना रमेश कृष्णनने जिंकला, तेव्हा आम्ही सोळा वर्षांचे होतो. आबा ती रॅकेट घेऊन गल्लीभर पळाला होता. गल्लीत डेव्हिस कप म्हणजे काय हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

२०२३च्या दिवाळीनंतर त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. २७ जानेवारी २०२४ला रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं, तो सामना आम्ही आबाच्या पुण्याच्या घरी पलंगावर बसून पाहिला. बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा. आबाने मला हाताला धरून सांगितलं, "याच्या गुडघ्यांकडे बघ." त्या वेळी मला त्याचे स्वतःचे गुडघे दिसत होते, पांघरुणाखाली नुसती हाडं. आठवड्याने अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या आवारात ९७वं साहित्य संमेलन भरलं. आबा हट्टाने आला. एका दुपारी पुस्तकांच्या दालनातून तो माझ्या खांद्यावर हात ठेवून फिरला आणि परत येताना शाळेच्या मैदानापाशी थांबला. पोरं प्लास्टिकच्या चेंडूने खेळत होती. "यांना कोणी चेंडू देत नाही रे," एवढंच तो म्हणाला. स्मारक, इच्छा, असलं काही तो कधीच बोलला नाही. जूनमध्ये तो गेला.

वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर पंधरा दिवसांत १,८४,००० रुपये जमले. धुळ्याला बँकेत असल्याने पैशाचं काम माझ्याकडे आलं आणि पहिली चूकही माझ्याच हातून झाली. पैसे मी माझ्या बचत खात्यात घेतले. आमच्यातला एक जण सीए आहे. त्याने त्याच रात्री फोन करून ते थांबवलं. लोकांनी दिलेला पैसा वैयक्तिक खात्यात ठेवला तर उद्या हिशेब मागणाऱ्याला आणि आयकर खात्याला दोघांनाही तो तुमचाच दिसतो. त्याने आमच्यासमोर दोन रस्ते ठेवले. एक म्हणजे स्वतःची संस्था काढायची. १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, शिवाय १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी ऑडिट, आणि विश्वस्त बदलला की प्रत्येक वेळी फेरफार अहवाल. दुसरा रस्ता, आधीच नोंदणी असलेल्या शिक्षणसंस्थेला ठरावीक कामासाठी देणगी द्यायची. सात जण पन्नाशीचे, चार वेगवेगळ्या शहरांत. दहा वर्षांनी फेरफार अहवाल कोण भरत बसणार? आम्ही दुसरा रस्ता धरला.

पण नुसता चेक देऊन आलो नाही. संस्थेच्या कार्यकारिणीकडून ठराव घेतला: ही रक्कम फक्त टेनिससाठी, हिशेबात तिचं वेगळं शीर्ष, मैदान इतर शाळांच्या आणि शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही खुलं. शेवटच्या अटीवर बरीच चर्चा झाली, दोन बैठका गेल्या. ती आम्ही सोडली नाही, कारण आबा पोरांना कधी शाळेचं नाव विचारायचा नाही. असं काही करणाऱ्यांना एक सांगतो. देणगीदाराला देणगीवर आयकराची सवलत हवी असेल तर संस्थेकडे तसं प्रमाणपत्र आहे का हे आधी बघा, आणि २,०००च्या वरची रक्कम रोख घेऊ नका. रोखीवर ती सवलत मिळत नाही.

आता पैसे कशावर खर्चायचे? गटातल्या बहुतेकांना स्मृतिचषक हवा होता, मलाही. दरवर्षी दोन दिवस स्पर्धा, मोठा चषक, त्यावर आबाचं नाव. मग वहिनींनी विचारलं, "खेळणार कोण?" गावात हातात रॅकेट धरणारी दहा मुलं नव्हती. जळगाव, नाशिकहून खेळाडू आले असते, दोन दिवस खेळून चषक घेऊन गेले असते, आणि तिसऱ्या दिवशी मैदानावर पुन्हा प्लास्टिकचा चेंडू.

मग कोर्ट बांधायचं ठरलं. शाळेच्या मागे मोकळी जागा होती. कोर्ट ७८ फूट लांब, दुहेरीसाठी ३६ फूट रुंद. पण मागे-बाजूला पळायला जागा धरली की १२० बाय ६० फूट लागतात. लांबी उत्तर-दक्षिण ठेवायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळ कोणाच्या डोळ्यांत ऊन जात नाही. जागा त्यात बसत होती. आम्ही खूश झालो. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना दाखवायला नेलं. मे महिन्यातली भेग अजून बुजली नव्हती. काकांनी शर्टाची बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात त्या भेगेत घातला.

"ही कपाशीची जमीन आहे," ते म्हणाले.

आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पिकाला ही चांगली, पण वर सिमेंटचा पातळ थर टाकला तर खालची जमीन दरवर्षी त्याला उचलते आणि सोडते. दोन पावसाळ्यांत कोर्ट तडकतं. उपाय आहे: अडीच फूट काळी माती काढून टाकायची, तिथे मुरूम थराथराने भरायचा, पाणी मारून रोलरने दाबायचा, पाण्याला एका बाजूला उतार द्यायचा आणि मगच वरचं काम. काकांनी तिथेच काडीने हिशेब केला. ७,२०० चौरस फूट गुणिले अडीच म्हणजे १८,००० घनफूट, म्हणजे १८० ब्रास मुरूम. काँक्रीट, वरचा रंग, जाळीचं कुंपण वेगळं. आमच्या पैशांत मुरूमही नीट पडला नसता. आणि एवढं करून एका वेळी खेळणार चार जण.

त्या संध्याकाळी मी फार निराश झालो होतो. आबाच्या ओसरीवर येऊन बसलो. मायने चहा दिला, आणि का आलो हे न विचारता एक चेंडू माझ्या हातात ठेवला.

तेव्हा ठरलं की आधी पोरं आणि चेंडू एकत्र आणायचे, जमिनीचं नंतर बघू. २०२४च्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल मैदानावर सुरुवात केली. आबाची पोती, मित्रांच्या घरी पडलेल्या मोठ्या रॅकेटी, मध्ये दोरी. पहिल्या दिवशी ४२ पोरं आली. तिसऱ्या आठवड्यात पाच उरली. मी त्यांना दोष देत होतो, मोबाइलला दोष देत होतो. नाशिकच्या एका प्रशिक्षकाला बोलावलं. ते अर्धा तास बघत राहिले, मग मला म्हणाले, "गुडघे टेका आणि खेळून दाखवा." मी सिमेंटवर गुडघे टेकले. चेंडू टप्पा घेऊन माझ्या डोक्यावरून गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. आठ वर्षांच्या पोराला टेनिस असं दिसतं.

त्यांच्याकडून जे कळलं ते आबालाही माहीत नव्हतं, नाहीतर त्याने पोत्यात आधी तेच आणलं असतं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७पासून लहानांसाठी मंद चेंडूंचा प्रसार केला, आणि २०१२पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू चालतच नाही. लाल चेंडू नेहमीच्यापेक्षा ७५ टक्के मंद, केशरी ५० टक्के, हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. लाल चेंडूचं कोर्ट फक्त ३६ फूट लांब, जाळी साधारण ८० सेंटिमीटर उंच. रॅकेटही मोठ्यांची २७ इंची नको. उंचीप्रमाणे २१, २३, २५ इंची.

मी घरी येऊन कागदावर मैदान काढलं. बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर बाय १५, म्हणजे सुमारे ९२ फूट बाय ४९. ३६ फुटांचं कोर्ट आडवं टाकलं तर मागे दोन्हीकडे सहा-साडेसहा फूट उरतात, आणि अशी तीन कोर्टं शेजारी शेजारी बसतात. काळी माती खणायची गरजच नव्हती. जे कोर्ट आम्ही शोधत होतो ते शाळेत आधीपासून पडून होतं, आणि एका वेळी बारा पोरं त्यावर खेळू शकत होती. रात्री अकरा वाजता मी वहिनींना फोन करून हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "उद्या मोजायला मीपण येते."

पुढचं काम हाताचं होतं. जुन्या स्कूटरच्या टायरांत काँक्रीट ओतून मध्ये लोखंडी नळ्या उभ्या केल्या, म्हणजे खांब ढकलत नेता येतात आणि बास्केटबॉलवाल्यांची अडचण होत नाही. क्रिकेटच्या सरावाची जाळी आणून गावातल्या शिंप्याकडून वर पांढरी पट्टी शिवून घेतली. रेषांसाठी मी ऑइल पेंट आणला. तो चकचकीत दिसला, आणि चौथ्या दिवशी धुळीवरून एक मुलगी त्याच रेषेवर घसरून पडली. हनुवटीला तीन टाके. तिच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तिची आई रागावली नाही, याचाच मला जास्त त्रास झाला. सगळ्या रेषा घासून काढल्या आणि भिंतीला बाहेरून देतात तो मॅट रंग वाळू मिसळून मारला. मुलगी टाके काढल्यावर परत आली.

सगळ्यात जास्त पैसे मात्र मी माणसावर ठेवले, आणि यावरून गटात खरी भांडणं झाली. बऱ्याच जणांचं म्हणणं, शाळेचे क्रीडाशिक्षक आहेतच, ते घेतील. शिक्षकांना दिवसभर शाळा, निवडणुकीची कामं, परीक्षा. ते उन्हाळ्यात सहा वाजता फुकट का येतील, आणि आले तरी किती दिवस? आम्ही गावातल्याच, शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन घरी बसलेल्या एका तरुणाला तयार केलं. नाशिकला पंधरा दिवस पाठवलं, महिना ५,००० मानधन ठरवलं. खेळाला पैसे देताना लोकांना दिसणारी वस्तू हवी असते, फरशी, पाटी, चषक. पण माझा अनुभव असा की खेळ बंद पडतो तो चेंडू संपले म्हणून आणि सकाळी कोणी यायचं थांबलं म्हणून. या दोन्ही गोष्टी संपणाऱ्या आहेत, दर महिन्याला पुन्हा लागणाऱ्या. म्हणून आम्ही २३ जण आता महिन्याला प्रत्येकी ३०० रुपये देतो. ६,९०० होतात. मानधन जाऊन उरलेल्यातून चेंडू आणि गट्टिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा बदलणं. जमलेली मूळ रक्कम रॅकेटी, जाळ्या आणि प्रशिक्षणावर खर्चून जी उरली ती मुदत ठेवीत आहे.

गावातले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना मी कधी भेटलो नव्हतो, एक दिवस पाकीट घेऊन आले. विप्रो १९४५ साली अमळनेरातच तेलाच्या गिरणीने सुरू झाली, आणि तिचे जुने शेअर अजून गावातल्या काही घरांत आहेत. त्यांनी सांगितलं, हे लाभांशाचे, नाव लिहू नका. त्यातून २४ छोट्या रॅकेटी आल्या.

मुली टिकेनात हा पुढचा प्रश्न. सुरुवातीला संध्याकाळी सहाची वेळ होती, सातनंतर अंधार, आणि मैदानाच्या कट्ट्यावर मोठी मुलं बसलेली. एकेक करून मुली कमी झाल्या. वहिनी तेव्हा महिनाभर गावी होत्या. त्यांनी घरोघर जाऊन विचारलं आणि वेळ सकाळची करून घेतली: हिवाळ्यात साडेसहा, एप्रिल-मेमध्ये पावणेसहा. खानदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आठनंतर सिमेंटवर पाय ठेववत नाही, म्हणून मुलांनाही तीच वेळ बरी पडली. सोबत आलेल्या आया कट्ट्यावर बसू लागल्या. आता ३४ मुलांत १५ मुली आहेत.

पाटीचा विषय मी वहिनींवर सोडला होता. आम्ही संगमरवरी पाटीचा मजकूरही तयार ठेवला होता. त्या म्हणाल्या, "भिंतीवर नको. चेंडूवर लिहा." म्हणून प्रत्येक चेंडूवर काळ्या मार्कर पेनने 'आ' लिहिलेला असतो. गल्लीत क्रिकेटच्या टोळीत 'आ' दिसला की कोणीतरी ओरडतं, आबाचा चेंडू आहे, सकाळी परत दे. सगळे परत येतात असं नाही. पण बरेच येतात.

३० एप्रिल २०२५ला आखाजी होती, आबाची पहिली. आमच्याकडे आखाजीला गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, वर डांगर (खरबूज) ठेवतात, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य. मायने पहाटे घागर भरली आणि मला म्हणाली, मैदानावर ने. तिथे पोरं आधीच आली होती. मायला खुर्ची दिली, ती बसली नाही. जाळीपाशी गेली, पोतडीतून एक चेंडू काढला आणि पलीकडे टाकला. समोरच्या पोराने तो अलगद परत मारला, तो मायच्या पायाशी आला. तिने पुन्हा टाकला. असं पाच-सहा वेळा. मग कट्ट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "त्याले पोरेसनी गर्दी आवडे." मी तिकडे पाहू शकलो नाही. खांब सरळ करायला गेलो.

आबा पोरांना एक वाक्य सतत सांगायचा, "चेंडू येवाना पहिले तू तठे पाहिजे," चेंडू यायच्या आधी तू तिथे हवास. आमचा तरुण प्रशिक्षक आबाला कधी भेटला नव्हता. पण हे वाक्य कुठूनतरी त्याच्यापर्यंत पोचलंय आणि तो ते रोज ओरडतो.

आबाची ती दोन पोती मोठ्या मुलांसाठी वापरतो. जुने चेंडू मरतात, आतली हवा निघून जाते. नियमाप्रमाणे काँक्रीटवर २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. आबाची पद्धत सोपी होती: डोक्याइतक्या उंचीवरून सोडायचा, कमरेपर्यंत आला तर जिवंत. मी हे मुलांना दाखवलं. हनुवटीला टाके पडलेली ती मुलगी दर रविवारी आता हेच काम करते. दोन टोपल्या घेऊन बसते, एकेक चेंडू स्वतःच्या डोक्यावरून सोडते. तिची उंची कमी, पण तिची कमरही खालीच, त्यामुळे हिशेब बरोबर लागतो. मेलेले चेंडू क्रिकेटवाल्यांना जातात. गेल्या रविवारी तिने मला मोजून सांगितलं, काका, जिवंत ९४ उरलेत. पुण्याच्या क्लबातल्या मार्करला मी फोन केला. त्याने आबाच्या नावाने एक पोतं बाजूला ठेवलं आहे, दिवाळीला वहिनी घेऊन येतील.